पंधरा दिवसांच्या रजेवर

बेटकर काका निघताना 'जातो' म्हणायचे.

यात काय एवढं, असं ज्याला वाटेल तो मराठी घरात वाढलेला नसावा. आपल्याकडे माणूस कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला निघाला तरी 'येतो' म्हणतो. भांडून तावातावाने निघालेला पाहुणासुद्धा उंबऱ्यापाशी थांबून 'बरं, येतो' म्हणतो आणि मगच चपला आपटत जिना उतरतो. 'जाणे' हे क्रियापद आमच्या घरी फक्त वीज आणि पाणी यांच्यासाठी राखून ठेवलेलं होतं. त्या दोघांनी डोंबिवलीत ते भरपूर राबवलं.

काका मात्र चहाचा कप खाली ठेवायचे, उठायचे आणि म्हणायचे, "बरंय वहिनी, जातो."

आई दर वेळी दचकायची. "अहो भाऊजी, येतो म्हणा!"

"पण मी जातोय."

"उद्या याल ना परत?"

"आलो की 'आलो' म्हणेन."

बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा काका हॉस्पिटलात भेटायला आले. खाटेच्या पायथ्याशी उभं राहून चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाले, "बरंय, जातो मी." शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने डोळे मिटून रामनाम सुरू केलं. माझ्या लग्नात तर कहर झाला. ठाण्याचा हॉल, माणसांची ही गर्दी, काका स्टेजवर आले, फोटो काढून घेतला आणि माझ्या आजेसासूबाईंना वाकून नमस्कार करून म्हणाले, "जातो." आजेसासूबाई ऐंशी पार केलेल्या. त्यांनी त्याच संध्याकाळी माझी, नवऱ्याची आणि खबरदारी म्हणून स्वतःचीही दृष्ट काढवून घेतली.

तर असे हे बेटकर. खरं आडनाव साटम. आमच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये राहायचे, एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कंपनीत स्टोअरकीपर होते. घरात ते आणि त्यांची म्हातारी आई, एवढीच माणसं. 'बेटकर' हे आम्ही पोरांनी ठेवलेलं नाव, पण ते इतकं चिकटलं की पुढे पोस्टमनही जिन्यातून 'बेटकरऽ' अशी हाक मारायला लागला. कारण काकांच्या कुठल्याही वाक्यात तिसऱ्या शब्दाला बेट यायचंच.

तरुणपणी ते कुठल्याशा सेवा मंडळातर्फे बिनपगारी मास्तर म्हणून अंदमानात गेले होते. पोर्ट ब्लेअरहून पुढे बोटीने दोन दिवस, तेव्हा कुठे ते बेट. निरनिराळ्या मुलखांतून येऊन वसलेली कुटुंबं, प्रत्येक घरात वेगळी भाषा, शाळेत सगळ्यांची मिळून हिंदी. ती शिकवायला साटम मास्तर. महिन्यातून दोनदा बोट यायची. पत्रं, औषधं, खडू, रॉकेल, सगळं त्या बोटीवर.

मंडळाचं निवडीचं पत्र हिंदीतून आलं होतं. "अंडमान में शिक्षा के लिए आपका चयन हुआ है।" हे म्हातारीने स्वतः वाचलं. अंदमान आणि शिक्षा हे दोन शब्द शेजारी शेजारी दिसल्यावर कुठल्या मराठी आईच्या जिवाचं पाणी होणार नाही? तिने तिथेच बसकण मारली. "काय रे केलंस मेल्या? कुणाचा खून केलास?" शिक्षा म्हणजे हिंदीत शिक्षण, हे तिला पटवायला मास्तरांना दोन दिवस लागले. "मग शिक्षेला काय म्हणतात तिकडे?" हे तिने शेवटपर्यंत संशयाने विचारलं.

मास्तरांची स्वतःची हिंदीही आईच्याच वळणाची. वर्गात पहिल्या दिवशी मुलं त्यांना पाहून उभी राहिली. मास्तर म्हणाले, "खाली बैठो!" हिंदीत खाली बसणं म्हणजे रिकामटेकडं बसणं. मुलं आज्ञाधारक. बसली, आणि काहीच करेनात. मास्तर पुस्तक काढायला सांगतात, तर एक पोरगी उठून म्हणाली, "गुरुजी, आपने तो खाली बैठने को बोला." ही गोष्ट काका स्वतःच सांगायचे आणि सांगताना इतके हसायचे की पुढचं ऐकू यायचं नाही.

बेट सुटलं, पण काका बेटावरून कधी सुटले नाहीत. आमच्याकडे पाणी एक दिवसाआड यायचं. नळ फुसफुसला की काका गॅलरीत येऊन ओरडायचे, "बोट लागली!" आणि सगळी बिल्डिंग कळशा घेऊन धावायची. गॅसचा सिलिंडर आला, बोट लागली. दहावीचा निकाल लागला, बोट लागली. कुठल्याही अडचणीवर त्यांचं उत्तर एकच, "बोट आली की बघू." ते घड्याळ वापरत नसत. वेळ विचारली तर, "ओहोटी लागून तासभर झाला असेल," असं सांगायचे. डोंबिवलीत! आम्ही एकदा खात्री करायला खाडीवर रेतीबंदरला गेलो आणि तिथे मासळी विकणाऱ्या कोळणीला विचारलं. तिने पाण्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरोबर हाय. मास्तरला पानी कलतं." त्यानंतर आमची थोडी जिरली. थोडीच. काका घारापुरीच्या पुढे कधी गेलेच नसावेत, ही अफवा मात्र बिल्डिंगमध्ये मीच सोडलेली होती.

त्यांचं दुसरं पालुपद होतं रजेचं. सोसायटीने एकमताने सेक्रेटरी व्हायला सांगितलं, तर म्हणाले, "जमणार नाही. मी इथे पंधरा दिवसांच्या रजेवर आलोय." गणपतीच्या समितीत घेतलं, तेच. कुणी पोक्त बाईने एखादं स्थळ सुचवलं, तेच. "रजेवरचा माणूस लग्न काय करणार?" ही पंधरा दिवसांची रजा तेव्हा बारा-तेरा वर्षांची झाली होती. त्यांच्या पलंगाखाली एक पत्र्याची ट्रंक असायची, कायम भरलेली. तिच्यात दोन जोड कपडे, खडूंचे खोके आणि अंकलिप्या. दर दिवाळीला ती उन्हात काढायची, झटकायची, पुन्हा तशीच भरून ठेवायची. आम्ही विचारायचो, "काका, निघालात का?" ते म्हणायचे, "बोट आली की."

खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. वडील गेल्याची तार बेटावर पोचली, म्हणून काका पंधरा दिवसांसाठी घरी आले. आले त्याच आठवड्यात म्हातारीला अर्धांगवायूचा झटका आला. ती पुढे अकरा वर्षं अंथरुणावर होती. तिचं न्हाणं, भरवणं, कूस बदलणं, सगळं काकांनी केलं, आणि करताना कधी कपाळाला आठी दिसली नाही. म्हातारी गेली तेव्हा मला वाटलं, आता हे निघतील. पण ते निघाले नाहीत. ट्रंक मात्र दिवाळीला उन्हात पडायची.

मी लग्न होऊन ठाण्याला गेले, तरी माहेरी येणं असायचंच. नव्वद सालानंतरची गोष्ट. काका नुकतेच रिटायर झाले होते आणि त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. दोन्ही डोळ्यांवर हिरवी पट्टी. मी भेटायला गेले, तर टेबलावरचं एक पाकीट पुढे करून म्हणाले, "हे चार दिवस पडलंय. वाच बघू. मला दिसत नाही, आणि तुझ्या आईला हिंदी वाचायला दिलं तर ती शिक्षा वाचेल."

पाकिटावर अंदमानचा शिक्का होता. माझ्या अफवेची मला जरा लाज वाटली.

पत्र फुलमनी नावाच्या बाईचं होतं. मी मोठ्याने वाचायला लागले. "गुरुजी को फुलमनी का नमस्कार। मैं वही, जो आपके बोलने से खाली बैठी थी।" काका हसले. मीही हसले. फुलमनी आता त्याच शाळेत बाई झाली होती. तिने लिहिलं होतं, की ती मुलांना 'खाली बैठो' म्हणते आणि मुलं मुकाट्याने जमिनीवर बसतात. बेटावर आता सगळे तसंच बोलतात. नारळ खाली पडतो, मूल खाली उतरतं, आणि नवीन आलेला तपासनीस गोंधळून जातो. म्हणजे त्या तिथे, समुद्राच्या मध्यावर, आमच्या डोंबिवलीची हिंदी नांदत होती. मी हसत हसत पान उलटलं.

"आपने जेटी पर कहा था, मैं आता हूँ। हम सब दो साल हर बोट पर गए। फिर हम बड़े हो गए। जेटी अब नई बनी है। बोट अब भी महीने में दो बार आती है।"

मी थांबले. काकांनी पट्टी बांधलेला चेहरा खिडकीकडे वळवला.

"वाच पुढे," ते म्हणाले.

"पुढे काही नाही, काका. सही आहे."

काका म्हणाले, "मला माहीत होतं. पहिल्याच वर्षी हेडमास्तरांचं पत्र आलं होतं. मुलं दर बोटीला जेटीवर येऊन उभी राहतात, समजावलं तरी ऐकत नाहीत, म्हणून. अगं, मी काय वेगळं बोललो होतो? निघताना आपण म्हणतो ना, येतो? तेच हिंदीत केलं. मैं आता हूँ. बोट सुटली, मी हात हलवला, झालं. पोरांना काय कळणार, की आमच्यात जाणारा माणूस येतो म्हणतो!"

"तुम्ही कळवलं नाहीत?"

"काय कळवू? की आमच्या भाषेत त्याचा अर्थ जातो असा होतो? चार वेळा लिहिलं आणि फाडलं. आई होती तोवर कारण तरी होतं. ती गेल्यावर लाज वाटायला लागली. एवढ्या वर्षांनी कुठल्या तोंडाने उतरायचं त्या जेटीवर?" त्यांनी चाचपडत पत्र हातात घेतलं. "तेव्हापासून ठरवलं. जायचं असेल तर जातोच म्हणायचं. निदान कुणी वाट बघत उभं राहणार नाही."

आजेसासूबाईंची दृष्ट, हॉस्पिटलातला म्हातारा, आईचं दचकणं, सगळं मला एकदम आठवलं, आणि इतकी वर्षं आपण कशाला हसत होतो ते कळून मला रडू आलं. काकांना दिसत नव्हतं, म्हणून मी पोटभर रडून घेतलं.

पट्टी निघाल्यावर काकांनी तिकीट काढलं. मला बरोबर घेऊन तारऑफिसात गेले. फॉर्मवर फुलमनीचा पत्ता लिहिला आणि मजकुराच्या जागी दोनच शब्द लिहिले, 'आता हूँ'.

खिडकीतला क्लार्क म्हणाला, "काका, अजून शब्द बसतात ना. कधी, कसे, काय ते टाका. तारीख तरी टाका."

"नको," काका म्हणाले. "त्यांना एवढंच ऐकायचंय."

निघायच्या दिवशी सगळी बिल्डिंग खाली जमली होती. ट्रंक रिक्षात चढली. काकांनी एकेकाला हात जोडले आणि शेवटी आईसमोर आले.

"बरंय वहिनी, जातो."

आईचे डोळे भरले होते. "अहो, आज तरी येतो म्हणा भाऊजी. एवढ्या लांब निघालात."

काका रिक्षात बसता बसता थांबले. "तिकडचा एक येतो अजून पुरा व्हायचाय, वहिनी. तो झाला की मग तुमचा."

माझ्या आईने आयुष्यात उंबऱ्यावरून कुणालाही 'या' म्हटल्याशिवाय निरोप दिला नव्हता, भांडलेल्या नणंदेलासुद्धा नाही. तिने पदराने डोळे पुसले आणि रिक्षाच्या दांडीवर हात ठेवून म्हणाली, "जा, भाऊजी. लवकर जा."