‘भाड्याच्या सायकली’ची मोहीम

श्रीगजाननाचे चरण आणि श्रोत्यांचे कान, उभयतांस वंदन करून हकीकत लिहितो ती ऐसी. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी नदीकाठच्या राज्यात तिघे स्नेही सुखे नांदत होते. राजश्री जयकुमारराव चौगुले, कापडदुकानाचे धनी आणि लाल मोटारीचे स्वामी; राजश्री इरफानभाई मुजावर, शाळेत भूगोल शिकवीत आणि रस्ता हमखास चुकत; आणि राजश्री उमाकांतराव शिरगुप्पे, विमा कचेरीत कारकून, मनाचे निर्मळ परंतु वेळेचे हाडवैरी. तिघांचे आराध्य एकच, ‘दगडफूल’ नामे बँड. त्यांचे ‘भाड्याची सायकल’ हे गाणे तिघांस कॉलेजापासून तोंडपाठ, आणि ते समक्ष ऐकण्याचा योग एकदाच आला, तोही हुकला. कैक वर्षांमागे दगडफूल जवळच्या परगण्यात आले असता, कूच करावयाचे समयी उमाकांतराव केशकर्तनालयी बसले होते, आणि त्यांनी निरोप धाडला की, “आता माझाच नंबर हाय, एवढी दाढी उरकून आलोच,” आणि मग मैदानात पोहोचावे तो गाणे संपून टाळ्या चालल्या होत्या. तेव्हापासून कोणाचे बारसे असो की लग्न, चौगुल्यांनी ती दाढी उगाळली नाही ऐसा समारंभ झाला नाही. उमाकांतराव चारचौघांत हसत आणि घरी जाऊन झुरत. आपल्यापायी दोघा मित्रांचे गाणे गेले, हे त्यांचे उरी सलत होते.

मग वर्तमान आले की दगडफूल मोडणार, आणि अखेरचा जलसा घाटापलीकडील थोर शहरी होणार. पाठोपाठ दुसरे वर्तमान आले की तेच तेच गाऊन वीट आल्याकारणे ‘भाड्याची सायकल’ म्हणणे त्यांनी सोडून दिले आहे. उमाकांतराव म्हणाले, “न्हाई म्हटलं तर न्हाई. पर म्हटलंच, तर आपण तिघं तितं असाय पायजे.” यावर कोणी दाढीचे नाव काढिले नाही, आणि मोहीम ठरली.

कूच दोन प्रहरी नेमिले. परंतु चौगुले मुरब्बी. इरफानभाईंचा अत्तर लावण्यात वेळ जातो हे जाणून त्यांनी त्यांस न्याहारीची वेळ कळविली. इरफानभाई त्यांहून मुरब्बी, त्यांनी उमाकांतरावांस सूर्योदय कळविला. आणि उमाकांतरावांचा स्वतःवरच भरवसा नव्हता, सबब त्यांनी आपणांस पहाट नेमून घेतली, आणि तांबडे फुटण्यापूर्वी नवा सदरा लेवून, इरफानभाईंस अंथरुणातून उठवून, चौगुल्यांचे दारी उभे राहून हाका मारू लागले. चौगुले कांबळे पांघरून बाहेर आले आणि वदले, “मर्दा, कोंबडं तरी आरवू दे की.” उमाकांतराव म्हणाले, “आज माझ्यामुळं उशीर व्हायचा न्हाई.” आता दुपार नेमिली होती हे सांगावे तर लबाडी उघडी पडते, आणि तीच अडचण इरफानभाईंची, म्हणोन उभयतांनी एकमेकांकडे पाहिले, आणि चौगुल्यांनी मुकाट अंघोळ केली. मग लाल मोटार निघाली, आणि वाटेत गरम भजी झाली, आणि इरफानभाईंनी नेमाप्रमाणे रस्ता चुकविला, आणि गाणी म्हणत म्हणत घाट चढले, आणि तरीही शहरी दाखल झाले ते जलसा संध्याकाळी असता भर दुपारी.

मैदानी पाहतात तो प्रेक्षक नाही, पहारेकरी नाही, नुसता मांडववाला खुर्च्यांच्या राशीपाशी कमरेवर हात ठेवून उभा. त्याची माणसे आली नव्हती. तो म्हणाला, “रिकामेच आहात ना? मग लावा की चार रांगा.” तिघांनी बाह्या सरसावल्या. अर्ध्या रांगा लागतात न लागतात तो मंचावर दगडफूलचे वादक आले आणि माइक तपासू लागले. वृद्ध गायक पुसते झाले, “काय म्हणू?” आणि ड्रमवाल्याचा हात जुन्या सवयीने चालू लागला, तो ठेका ‘भाड्याच्या सायकली’चा. तिघे होते तेथे थिजले. गायकांनी पहिले कडवे म्हटले, आणि दुसऱ्याशी येऊन अडखळले. म्हणणे सोडून दिलेले, शब्द आठवेना. ते मान हलवून मागे फिरणार, इतक्यात उमाकांतराव दोन्ही हातांत खुर्च्या धरूनच मोठ्याने गाऊन गेले, “घंटा नव्हती तिला, तोंडानंच हाक मारली.” गायकांनी कपाळावर हात धरून खाली पाहिले आणि बोलले, “शब्द बरोबर आहेत, दादा. सूर तेवढा तुमच्यापाशीच ठेवा.” मग हसले, आणि सारे गाणे अखेरपर्यंत म्हटले. चौगुल्यांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, “उम्या, लेका, त्या दिवशी तू वेळेवर आला असतास, तर आज एवढ्या लवकर आलो नसतो.” उमाकांतरावांस मोठे समाधान जाहले.

सायंकाळी मैदान भरले आणि जलसा थोर झाला. अखेरीस रयतेने त्या गाण्याचा एकच धोशा लावला, परंतु गायकांनी हात जोडिले आणि दिवे मालविले. बाहेर मोटारीपाशी एक नवराबायको उभी होती. बाई नवऱ्यास म्हणत होती, “त्या एका गाण्यासाठी आले होते हो मी.” ते उमाकांतरावांचे कानी पडले. त्यांनी मित्रांकडे पाहिले आणि बाईंस म्हणाले, “ताई, मी म्हणू काय? गळा वाईट हाय, आधीच सांगतो.” इरफानभाईंनी मोटारीचे बॉनेटवर ठेका धरिला, आणि उमाकांतरावांनी सारे गाणे म्हटले, आणि दुसऱ्या कडव्यास चौगुलेही सामील झाले, आणि बाई हसत हसत रडल्या.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते झाली. अखेरच्या जलशाचे ते गाणे मोटारतळावर, पाच माणसांत, बेसूर ऐसे झाले. कडवे एकही गळाले नाही. हकीकत घडली तैसी लिहिली.