सत्तर टक्के उजेड

मे महिन्यात वर्ध्यात माणूस जे निर्णय घेतो, ते त्याने पाऊस पडल्यावर एकदा तपासून पाहावेत, असं माझं आता मत झालं आहे. मी तपासले नाहीत. त्यामुळे पुढचं सगळं झालं.

माझं वर्ध्यात भांड्यांचं दुकान आहे आणि घर सिंदी मेघेत. दोन हजार तीन साली आम्ही एक जुनी मारुती घेतली. नव्वद सालची, पांढरी (कागदावर पांढरी, प्रत्यक्षात चहात दूध कमी पडल्यासारखी). पुढच्या मे महिन्यात पारा सेहेचाळीसवर गेला आणि मी एका दुपारी सगळ्या काचांना काळीकुट्ट फिल्म लावून आणली. घरी सांगितलं, ऊन लागू नये म्हणून. खरं कारण असं की मी गाडी वाईट चालवतो. आमच्या गल्लीतले लोक मला येताना पाहून ओट्यावर चढत आणि वरून सूचना करत. "मोतीलालभाऊ, दुसरा टाका, दुसरा." काचा काळ्या असल्या की आत कोण आहे ते तरी कळणार नाही, असा माझा विचार. (गल्लीत मारुती एकच होती, हे माझ्या लक्षात आलं नाही.)

माझी बायको रंभा बाहेर आली, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "आत कोन बसलं हेच दिसत नाई, तं गाडी घेतली कायले?"

"अगं, ऊन."

"ऊन तं मले लग्नापासून लागून राह्यलं. गाडी आत्ता आली."

तिचं दुःख खरं होतं. अकरा वर्षं ती माझ्या स्कूटरच्या मागे बसली होती. आता कुठे चार लोकांनी पाहावं अशी वेळ आली, तर मी काचा काळ्या केल्या. शेजारच्या आनंदाबाई तिला एकदा म्हणाल्या, "तुमची गाडी रोज दिसते व, तू काई दिसत नाई. भाऊ एकलेच फिरते काय?" त्या दिवशी आमच्याकडे भाजीत मीठ नव्हतं आणि मी मागितलंही नाही.

असे आठ महिने गेले. जानेवारीत गाडीची कागदपत्रं चाळताना रंभाला दिसलं की वीस तारखेला गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होतात. म्हणजे नोंदणी संपते. गाडी आरटीओकडे नेऊन तपासून घ्यायची, ती पास झाली तर पुढे चालवायची, नाहीतर दारात उभी ठेवायची. आणि चोवीस तारखेला माझ्या सासूबाईंचं, यशोदाबाईंचं, सावंगीच्या दवाखान्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. त्या अल्लीपूरला राहतात. त्यांना न्यायला रंभाचा भाऊ रूपराव आपली जीप घेऊन तयार होता. पण रंभाने आईला शब्द दिला होता, "माय, तुले माह्या गाडीतच नेईन." सासूबाईंनी तो शब्द अल्लीपूरच्या अर्ध्या गावाला सांगून ठेवला होता.

मी मेकॅनिक खुशालला बोलावलं. त्याने ब्रेक पाहिले, लाइट पाहिले आणि शेवटी काचेशी येऊन थांबला.

"भाऊ, हे चालत नाई. पुढच्या-मागच्या काचेतून सत्तर टक्के उजेड जायले पाह्यजे. बाजूच्यातून पन्नास."

"आपल्या काचेतून किती जातो?"

त्याने काचेला कपाळ लावलं, दोन्ही हातांचा आडोसा केला आणि बराच वेळ पाहिलं. "आत कोनी बसलं हाये काय?"

"तुझी वहिनी बसली आहे. बाजारात जायचं आहे."

"मंग काईच जात नाई," खुशाल म्हणाला.

फिल्म लावणारा नेमका लग्नाला गावाला गेलेला. तपासणीची तारीख सतरा. सोळाला सकाळी रंभाने पदर खोचला आणि दुकानातून उलथनी मागवली. उकळतं पाणी ओतायचं आणि उलथन्याने खरवडायचं. फिल्म निघाली, पण जळक्या पापडासारखी, तुकड्या-तुकड्यांनी. चार उलथनी वाकली. (ती अजून दुकानात आहेत. मी ती खास पुरणपोळीची म्हणून दाखवतो.) संध्याकाळपर्यंत सगळी फिल्म निघाली आणि तिच्याखालचा गोंद तेवढा राहिला. रॉकेल लावलं, लिंबू लावलं, तर तो आणखीच पसरला. काचेवर बोट ठेवलं तर ते सोडवून घ्यावं लागे.

"उद्या साहेबाले सांगू, काया काचा काढल्या म्हनून," रंभा म्हणाली. "खोटं थोडंच हाये."

सतराला सकाळी आम्ही निघालो. साहेब लोकांशी मला बोलता येत नाही, म्हणून ती सोबत. पुढच्या काचेवरचा गोंद तिने ब्लेडने कसाबसा काढला होता, पण बाजूच्या काचांतून जग दुधातून पाहावं तसं दिसत होतं. म्हणून आम्ही पुढच्या दोन्ही दारांच्या काचा पूर्ण खाली केल्या. इथपर्यंत ठीक होतं.

नाक्यावर आमच्यापुढे कापसाचा ट्रक आला. जिनिंगच्या कारखान्याकडे चालला होता. दोन्ही बाजूंनी फुगलेला, वर जाळी, आणि जाळीतून कापूस उडत होता.

"पुढे काढा ना," रंभा म्हणाली.

मी ओव्हरटेक करत नाही. ते काही माझं तत्त्व नाही, मला जमत नाही. चार किलोमीटर मी त्या ट्रकच्या मागे गेलो. उघड्या खिडक्यांतून कापूस आत आला, आत फिरला, आणि जिथे त्याला गोंद भेटला तिथे थांबला. आरटीओच्या मैदानात गाडी उभी केली तेव्हा मागची काच आणि मागच्या दारांच्या काचा रजईसारख्या झाल्या होत्या. रंभाच्या अंबाड्यावर, माझ्या मिशीवर, सगळीकडे कापूस.

तपासणीचे साहेब पन्नाशीचे, सकाळपासून उन्हात उभे राहून दमलेले गृहस्थ होते. त्यांनी गाडीकडे पाहिलं आणि पेन खिशात ठेवलं.

"हे काय आहे?"

"काळी फिल्म काढली, साहेब."

"ते दिसतंय. हे पांढरं काय आहे?"

"कापूस."

त्यांनी मागच्या काचेला आतून हात लावून पाहिला. हात चिकटला. रंभाने तो सोडवायला मदत केली. साहेबांनी तळहाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पुढच्या दारांना काचा का नाहीत?"

"आहेत, साहेब. आत आहेत."

"वर करा."

मी हँडल फिरवलं. काच आत गोंदाने कुठेतरी बसली होती. ती काही आली नाही, हँडल माझ्या हातात आलं. दुसऱ्या बाजूला रंभाने प्रयत्न केला. तिच्याही हातात आलं. आम्ही दोघं एकेक हँडल घेऊन साहेबांपुढे उभे राहिलो.

"साहेब, चोवीसले माह्या मायचं डोयाचं ऑपरेशन हाये," रंभा म्हणाली. "गाडी पास झाली नाई तं मी तिले तोंड दाखवू शकत नाई."

"बाई, हिच्यातून न्यायचं तर आधी हिचंच ऑपरेशन करा," साहेब म्हणाले. पण माणूस चांगला होता. आम्ही निघताना हळूच म्हणाला, "खोबरेल तेल लावा. रात्रभर ठेवा. मग साबण. आमच्याकडे सगळं करून झालंय." आणि वीस तारीख दिली.

पुढचे तीन दिवस मी दुकान बंद ठेवलं. खुशालने दारं खोलून काचा ओढून वर काढल्या. घरातलं सगळं खोबरेल तेल गाडीला गेलं. रंभाने काचा चोळल्या, मी पुसल्या. रोज जेवायला बसलो की ताट हाताला चिकटायचं. अठराला तिचे हात इतके दुखले की तिने पोळी माझ्याकडून तोडून घेतली. त्या वेळी मला पहिल्यांदा वाटलं, की लोक ओट्यावरून हसले असते तरी चाललं असतं. तसं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "आत्ता सांगून राह्यले."

विसाला साहेबांनी काचा पाहिल्या, ब्रेक पाहिले, लाइट पाहिले. मग रंभाला आत बसायला सांगितलं आणि प्रत्येक काचेतून वाकून पाहिलं. "बाई स्पष्ट दिसतात," म्हणाले आणि सही केली. रंभाने पदर सारखा केला. परत येताना तिने मला गाडी गल्लीतून दोनदा फिरवायला लावली.

चोवीसला सासूबाईंना अल्लीपूरहून गाडीत बसवलं. अर्धं गाव उभं होतं. रूपराव जीपला टेकून उभा होता. ऑपरेशन सावंगीला चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. डॉक्टरांनी सांगितलं, हा डोळा उत्तम झाला, दुसरा दोन महिन्यांनी करू.

परत निघालो तेव्हा मायलेकी मागे बसल्या. मी पुढे, एकटा. सासूबाईंनी काळा चष्मा कपाळावर सरकवला आणि काचेतून बाहेर पाहू लागल्या. त्यांना तुरीचं शेत दिसलं. बोराची झाडं दिसली. रस्त्याच्या पाटीवरची अक्षरं त्यांनी एकेक करून वाचली. रंभाच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला सांगू, माझ्याही आलं. वाटलं, झालं ते सार्थकी लागलं.

मग सासूबाईंची नजर समोर वळली. माझ्या टकलावर थोडा वेळ थांबली, आरशातल्या माझ्या तोंडावर आली आणि तिथेच राहिली.

"रंभे," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ड्रायव्हर काऊन ठेवला व? अन् ठेवला तं इतका म्हतारा?"

"ड्रायव्हर नाई व माय. हे तुहे जावई होत."

सासूबाई पुन्हा आरशात पाहू लागल्या. बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढून घेतला.

"बाई," त्या म्हणाल्या, "दुसऱ्या डोयाचं राहू दे."