आठशे चाळीस वाती आणि गुरुजींची गाडी

संतराम गुरुजींच्या निवृत्तीच्या दिवशी, सकाळी अकरा वाजता, नर्मदाबाईंच्या पुढ्यातल्या परडीत पाचशे तीस वाती झाल्या होत्या आणि तीनशे दहा राहिल्या होत्या. त्या पुऱ्या होईपर्यंत त्यांना बोलता येत नव्हतं.

नेम आषाढी एकादशीपासूनचा होता. रोज आठशे चाळीस वाती वळायच्या, म्हणजे कार्तिकीपर्यंत लाख भरतात. वाती पुऱ्या होईपर्यंत पाटावरून उठायचं नाही आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. शब्द निघाला की त्या दिवसाच्या सगळ्या वाती बाद, पुन्हा पहिलीपासून सुरुवात. लिहून दाखवायचीही सोय नव्हती, कारण लिहिणं म्हणजे हातानं बोलणंच, असं नर्मदाबाईंनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. खुणांबद्दल मात्र कुणी काही सांगितलेलं नव्हतं, म्हणून खुणा चालत. एरवी त्या पहाटे बसत आणि उन्हं ओट्यावर यायच्या आत मोकळ्या होत. आज पाहुण्यांच्या चहात आणि गुरुजींच्या नव्या शर्टाची घडी मोडण्यात त्यांना बसायलाच आठ वाजून गेले होते.

दीड वाजता तांड्यावरच्या शाळेत निरोप समारंभ होता. समारंभ झाला की गुरुजींना गाडीत बसवून, शेजारी बायकोला बसवून, वाजतगाजत पुसेगावात घरापर्यंत आणायचं, अशी अलीकडं रीतच पडली होती. जूनमध्ये उत्तमराव सर निवृत्त झाले तेव्हा त्यांची पांढरी गाडी अशी चमकत होती, की लोकांना हात दाखवताना त्यांच्या बायकोला, शकुंतलाबाईंना, आपल्या बांगड्या बॉनेटमध्ये दिसत होत्या. नर्मदाबाईंनी हे ओट्यावरून पाहिलं होतं. बत्तीस वर्षं त्यांनी गुरुजींचा डबा भरला. एकदा त्यांच्या शेजारी तसल्या चमकत्या गाडीत बसून गावातून जावं, एवढं त्यांच्या मनात होतं. हे त्या देवालाही बोलल्या नव्हत्या. पण देवाला ते कळलं असावं, असा त्यांचा अंदाज होता.

गुरुजींची गाडी अकरा वर्षांची होती. घेतली तेव्हा निळी होती. आता उन्हानं तिचं छत शाळेच्या जुन्या फळ्यासारखं झालं होतं. धाकटा मुलगा हरीश सकाळीच तिला घेऊन सेनगावच्या वॉशिंग सेंटरवर गेला, तर तिथं आधीच चार गाड्या उभ्या आणि लाइट गेलेली. मालकानं भल्या मनानं पाण्याच्या रिकाम्या बाटलीत पॉलिश भरून दिलं आणि सांगितलं, "घरीच लावा. दहा मिनिट सुकू द्या, मग पुसा. आरसा होतो का न्हाई बघा."

हरीशनं बाटली ओट्यावर ठेवली. कुणी सांडेल म्हणून नर्मदाबाईंनी पाटावर बसण्याआधी ती उचलून शेतीचं सामान ठेवायच्या कोठ्याच्या खिडकीत ठेवली. घोळ इथंच होता. खिडकीत आधीच तशीच एक बाटली होती आणि तिच्यातही तसंच दुधाळ, घट्ट काहीतरी होतं. ते स्टिकर. पिकावर फवारायच्या औषधात हे टाकतात, म्हणजे औषध पानाला धरून बसतं आणि पावसानंही उतरत नाही. उजवीकडची बाटली पॉलिशची, डावीकडची स्टिकरची, हे सबंध घरात एकट्या नर्मदाबाईंना ठाऊक होतं.

"आई, पॉलिशची बाटली कुठं ठेवलीस?" हरीशनं विचारलं.

नर्मदाबाईंनी हनुवटीनं खिडकी दाखवली. हरीशनं डावीकडची बाटली उचलली.

नर्मदाबाईंनी टाळी वाजवली आणि जोरजोरात मान हलवली.

"न्हाई म्हणून राहिली," हरीश म्हणाला. "बाबा, आज शुक्रवार. आज गाडीला हात लावायचा नसतो का काय?"

"तुझ्या आईचे नेम माणसायला असतात, गाड्यायला न्हाई," गुरुजी म्हणाले. "आण इकडं. बारा वाजत आले."

वाती वळताना बोटाला दूध लावायला वाटी जवळच होती. नर्मदाबाईंनी तळहात दुधात ओला केला, त्यावर कापसाचा पुंजका दाबला, हात पालथा करून हलवला. कापूस पडला नाही. मग त्यांनी बाटलीकडं बोट केलं. चिकटतं, असा त्याचा अर्थ होता आणि तो त्यांच्या मते अगदी उघड होता.

गुरुजींनी क्षणभर विचार केला. "कापसानं लावा म्हणती," ते म्हणाले. "बराबर हाय. फडक्यानं ओरखडे पडतात."

त्यांनी पुढं होऊन नर्मदाबाईंच्या पुढ्यातला निवडून ठेवलेला कापूस मूठभर उचलला. नर्मदाबाईंनी परडी तेवढी मांडीखाली ओढून घेतली.

कापसानं लावायला घेतलं तसा कापूस दारालाच बसला. हरीश एक पुंजका सोडवायला गेला की त्याच्या बोटाचा दुसरा तिथं लागे. पाच मिनिटांत गाडीच्या एका दाराला पांढरी दाढी आली.

"हे काही खरं न्हाई," गुरुजी म्हणाले. पोरगं चुकलं तर पोराचा दोष नसतो, पद्धतीचा असतो, असं त्यांचं बत्तीस वर्षांचं मत होतं. "पद्धत चुकून राहिली."

नर्मदाबाईंना धीर आला. पद्धत नाही, वस्तूच चुकली, हे आता पटवून द्यायचं होतं. त्यांनी पाठीवर ओझं घेतल्यासारखे खांदे वाकवले, डावा हात वर-खाली केला, उजवा हात समोर झाडावरून फिरवावा तसा फिरवला. फवारणी. फवारणीचं औषध आहे ते. याहून सोपं करून देवानंही सांगितलं नसतं.

हरीशचा चेहरा उजळला. "पंप! बाबा, आई पंपानं मार म्हणून राहिली!"

गुरुजी बायकोकडं बघतच राहिले. "आगं, शोरूममध्ये बी रंग फवाऱ्यानंच मारतात. एकसारखा बसतो. तुझ्या डोक्यात हे आलं कसं?"

लग्नाला बत्तीस वर्षं झाली होती आणि गुरुजींनी पोरासमोर बायकोच्या अकलेचं कौतुक पहिल्यांदाच केलं होतं. नर्मदाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. बापलेकांना ते आनंदाचं वाटलं.

हरीश कोठ्यातला पाठीवरचा जुना पंप घेऊन आला.

आता नर्मदाबाईंपुढं सरळ हिशेब होता. एक शब्द उच्चारला तर गाडी वाचत होती. पण साडेसहाशे वाती बाद होत होत्या आणि पुन्हा पहिलीपासून सुरू केलं तर पाटावरून उठायला साडेचार वाजले असते. म्हणजे चमकत्या गाडीत गुरुजी एकटेच. न बोलावं तर गाडीचं काय व्हायचं ते होईल, पण त्या गाडीत त्या असतील. त्यांनी देवघराकडं पाहिलं. देव काही बोलला नाही. त्याचाही काही नेम असावा. नर्मदाबाईंनी मान खाली घातली आणि वाती वळायचा वेग वाढवला. शेवटच्या शंभर वाती जरा बारीक झाल्या, त्याबद्दल त्यांनी मनातल्या मनात क्षमा मागितली.

इकडं हरीशनं छतापासून चाकापर्यंत दोन हात मारले. आणि खरं सांगायचं तर गाडी चमकली. अशी चमकली की गुरुजींनी खिशातला कंगवा काढून तिच्या दुसऱ्या दारात बघून भांग पाडला.

"नवी घेतली तवा बी अशी न्हवती," हरीश म्हणाला.

एकला वीस कमी असताना नर्मदाबाईंनी आठशे चाळिसावी वात परडीत ठेवली, हात जोडले, देवाला नमस्कार केला आणि शांतपणे म्हणाल्या, "आवं, ते स्टिकर हाय."

हरीशनं पाठीवरचा पंप खाली टाकला.

"मग सांगितलं काहून न्हाईस?" हरीश ओरडला.

"सांगूनच तर राहिले व्हते."

बादलीभर पाणी मारून पाहिलं. पाण्याचे मोती झाले आणि टपाटप खाली पडले. स्टिकर जागचं हललं नाही. हलू नये म्हणूनच लोक ते विकत आणत होते. घड्याळात एक वाजत आला होता. तिघं गाडीत बसले. दार लावताना नर्मदाबाईंचा पदर बाहेर राहिला आणि दाराला बाहेरून जो बसला, तो शाळेपर्यंत तसाच राहिला.

तांडा चार किलोमीटरवर. दिवस सोयाबीनच्या मळणीचे. रस्त्याच्या कडेनं तीन ठिकाणी मळणी यंत्रं चालू होती आणि वाऱ्याचा विचार करून सगळ्यांनी त्यांची तोंडं रस्त्याकडं केली होती. पहिल्या यंत्रापाशी गाडीचं नाक पिवळं झालं. दुसऱ्यापाशी हरीशनं वायपर चालू केला आणि समोरची काच खिरीनं सारवल्यासारखी झाली. तिसऱ्यापाशी तो खिडकीतून मुंडकं बाहेर काढून गाडी चालवत होता.

"सावकाश," गुरुजी म्हणाले. "कशाची घाई हाय आता?"

शाळेच्या फाटकात गाडी थांबली तेव्हा डफडं आपोआप बंद पडलं. गाडीच्या आकाराची एक भुसकटाची गंजी चाकांवर उभी होती आणि तिच्यातून गुरुजी उतरत होते.

तांड्याचे नाईक किसनसिंग पुढं आले; शाळा समितीचे अध्यक्षही तेच. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. "गुरुजी, मळणीयंत्रातून काढून आणली का काय?"

"तसंच समजा," गुरुजी म्हणाले.

समारंभ चांगला झाला. भाषणं झाली, शाल झाली, नारळ झाला. गुरुजींच्या डोक्यात मात्र बाहेरची गाडीच होती आणि नर्मदाबाईंच्या डोक्यात पुसेगावची गल्ली. आता या गंजीत बसून उत्तमराव सरांच्या दारावरून जायचं होतं. 'चालतच जाऊ का?' असं त्या गुरुजींना हळूच म्हणणार, तोच लेकरं बाहेर पळाली.

मुलांच्या हातांत झेंडूच्या पाकळ्यांची ताटं होती. पहिली मूठ तांड्यावरच्या मिराबाईच्या नातीनं, मिनानं, उधळली. ती गाडीवर पडली आणि पडली तिथंच बसली. मिनानं जवळ जाऊन पाहिलं, फुंकर मारली. पाकळी हलली नाही.

"आज्जी, चिटकलं!" ती किंचाळली.

मग कोण ऐकतंय? लेकरांनी ताटं रिकामी केली, दाराची तोरणं ओरबाडली, शाळेच्या कुंपणाचा झेंडू खुडला. मोठ्यांनीही हात धुऊन घेतले. हरीशनं बघण्यापुरती खरवडून घेतलेली समोरची काच सोडली, तर दहा मिनिटांत चाकापासून छतापर्यंत भुसकटाचा कण दिसेना; दिसत होता तो नुसता झेंडू, पिवळा आणि केशरी, धाग्याशिवाय आणि टाक्याशिवाय. डफडं पुन्हा सुरू झालं, दुप्पट जोरानं.

जूनमध्ये उत्तमराव सरांच्या गाडीवरची फुलं पहिल्याच वळणावर उडाली होती. गुरुजींची गाडी चार किलोमीटर वाऱ्यातून आली आणि पुसेगावात शिरली तेव्हा एक पाकळी कमी नव्हती. लोक दुकानांतून बाहेर आले. शकुंतलाबाई आपल्या दारात उभ्या होत्या. त्यांनी पुढं होऊन एक फूल ओढून पाहिलं. ते निघालं नाही. मग हात पुसायला आत गेल्या त्या लवकर बाहेर आल्या नाहीत. नर्मदाबाईंनी हात दाखवला, तोही बेताचाच, कारण पदर पुन्हा दारालाच बसला होता.

घरी आल्यावर, मिरवणुकीबरोबर आलेल्या मिराबाईनं नर्मदाबाईंना बाजूला घेतलं. "बाई, आमच्या दिपकचं लगीन तुळशीच्या लग्नानंतर हाय. ही फुलं कशी बसिवली, खरं सांगा."

गुरुजींनी डोळ्यांनी खूण केली. पण नर्मदाबाई खोटं बोलत नसत. "फवारणीचं स्टिकर," त्या म्हणाल्या. "आधी कापसानं लावलं, मग पंपानं. मग गाडी मळणीयंत्रापुढून आणली."

मिराबाईनं बोटांवर मोजत मनाशी घोकलं: कापूस, पंप, मळणी.

खरं सांगून झालं म्हणून नर्मदाबाई निर्धास्त झाल्या. पण तांड्यावर ते कुणाला चुकीची कबुली वाटलं नाही. ती रीत झाली. दिपकच्या लग्नाची गाडी गुरुजींच्या अंगणात आली, आधी एका दाराला कापूस चिकटवला, मग फवारा मारला, मग तिला यंत्रापुढं दहा मिनिटं उभी केली. भुसकटाशिवाय पण जमेल, असं हरीश म्हणाला होता. किसनसिंगांनी त्याला गप्प बसवलं. बाई सांगतात ते काही उगाच असेल का? त्यानंतर पार हट्टा गावापर्यंतचे नवरदेव येऊ लागले. फवारा एकसारखा बसला का नाही, हे बघायला गुरुजी पाठीमागं हात बांधून गाडीभोवती फिरत आणि कोपरा सुटला असेल तर पुन्हा मारायला लावत.

डिसेंबरात हट्ट्याहून एका नवरदेवाचा बाप आला. गाडी पाहिली, पंप पाहिला आणि काळजीत पडला. "गुरुजी, मळण्या तर सपल्या की. आता भुसकट कुठून आणायचं?"

गुरुजींनी चष्मा पुसला, घसा साफ केला आणि कोठ्याकडं बोट दाखवलं.

"दोन पोती भरून ठिवलीत," ते म्हणाले.