तीन बाजूंचा चौकोन

साळवे माणसांना नावानं नव्हे, आकारानं ओळखायचे. आमचे मॅनेजर गोल. "कुठूनबी ढकला, कोपरा हाती लागत नाय." मी त्रिकोण. "कुलकर्णीसाहेब, तुमचं एक टोक कायम दुसऱ्याकडं!"

चिकलठाण्याच्या कारखान्यात ते माल भरलेल्या खोक्यांवर पत्ते रंगवत आणि मी ऑफिसात कारकून. मोडक्या खोक्यांच्या फळ्यांवर ते आकार कोरत, शाई लावत, वर कागद ठेवून चमच्याच्या पाठीनं घासत. "लई दाबायचं नाय, शाई फुटते." ओव्हरटाइम वाढला तेव्हा त्यांनी मॅनेजरलाही हेच ऐकवलं.

प्रत्येक ठशात तीन बाजूंचा चौकोन आणि आत एक वर्तुळ. दुसरं काही नाही.

कारखान्यानं त्यांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. माहितीपत्रक माझ्याकडे आलं. मी अर्थ विचारला.

"चौकोन म्हंजे घर आमचं. नामांतराच्या दंगलीत जाळलं. चौथी भिंत पडली."

"आणि वर्तुळ?"

"मायचा रांजण. तेवढाच राहिला."

मी मान डोलावली आणि घरी जाऊन लिहिलं : 'अपूर्ण चौकोन म्हणजे अनंताकडे उघडलेलं मन. वर्तुळ म्हणजे ब्रह्म.' नामांतरावरून वातावरण अजून तापलेलं होतं, मॅनेजर प्रमुख पाहुणे होते आणि मला बढती हवी होती. आज लिहितोय म्हणून सगळंच लिहितो.

मॅनेजरांनी प्रत्येक ठशापुढे दोन-दोन मिनिटं मान तिरकी केली. एक चुकून उलटा टांगला होता, तिथं चार मिनिटं. "ब्रह्म जाणवतं," ते म्हणाले. टाळ्या झाल्या.

साळव्यांनी पत्रक दोनदा वाचलं. मग हळूच विचारलं, "साहेब, ब्रह्मात पाणी किती घागरी मावतं?"

मी हसण्यावारी नेलं. ते पुन्हा कधी त्यावर बोलले नाहीत. मला बढती मिळाली.

मी निवृत्त झालो त्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक ठसा हातात दिला. तोच तीन बाजूंचा चौकोन, तोच रांजण. शेजारी मात्र एक छोटा त्रिकोण.

"हा कोण?" माहीत असून मी विचारलं.

"तुम्हीच की. कधी घरी आला नाय, म्हणून इथं बसवलं." चमचा पुसत ते म्हणाले, "टोक भिंतीकडं केलंय. कुणाला लागायचं नाय."