पुसलेला बॅच नंबर

माझ्यासारखा डिटेक्टिव्ह शतकातून एखादाच जन्माला येतो. हे मीच सांगतोय, कारण दुसरं कोणी सांगेल म्हणून वाट बघण्यात निम्मं शतक गेलं. नोकरीभर मी घरोघरचे विजेचे मीटर वाचले. निवृत्तीनंतर माणसं वाचतो. बायको म्हणते, आधी चष्म्याचा नंबर तपासून घ्या.

त्या सकाळी बातम्यांत सांगितलं की एका कंपनीच्या मऊ चीजमध्ये घातक जिवाणू सापडलेत. एका बॅचचे डबे परत मागवलेत, नंबर डब्याच्या तळाशी आहे, आणि गरोदर बायकांनी तर ते तोंडातही घालू नये. सातव्या महिन्यात आमच्याकडे राहायला आलेली माझी लेक पाव खाता खाता थांबली.

"बाबा, हा तोच डबा. परवापासून मी हेच लावून खातेय."

डिटेक्टिव्हने मनातलं चेहऱ्यावर येऊ द्यायचं नसतं. मी डबा उलटा केला. तळाशी नुसता पुसट निळा डाग होता.

"कोणीतरी नंबर पुसलाय," मी म्हणालो. "घातपात."

"मी डॉक्टरांना फोन लावते."

"आधी गुन्हेगार."

तिने फोनच लावला. तो लागेना.

"जावईबापू परवा येऊन गेले," मी म्हणालो. "फार गोड बोलत होते."

"तो नेहमीच गोड बोलतो, बाबा."

"म्हणजे सराईत आहे."

मग शेजारणीवर संशय घेतला. तिच्या कुंड्यांचं पाणी आमच्या खिडकीवर गळतं हे मी तिला सुनावलं होतं. शेवटी दुकानदार उरला. दुकानात गेलो तर तो परत पाठवायचे डबे खोक्यात भरत होता. त्याची पाठ वळताच मी तुलनेसाठी एक डबा शिताफीने पिशवीत टाकला, घरी येऊन सील फोडून त्याचा वास घेतला, आणि पुरावा नासू नये म्हणून फ्रीजमध्ये ठेवला.

बायको कामावरून आली तेव्हा लेक रडवेली होऊन फोन लावतच होती. बायकोने सगळं ऐकलं, टेबलावरच्या डब्यात बोट घातलं आणि चाटलं.

"अगं, हा चक्का आहे. घरच्या दह्याचा, मीच फडक्यात टांगला होता. यातलं चीज संपून दोन वर्षं झाली."

"मग डबा कशाला ठेवला?" मी विचारलं.

"चांगला डबा कोणी टाकतं का? या घरात बिस्किटांच्या डब्यात सुया-दोरे आहेत, कॉफीच्या बरणीत खिळे. चीजच्या डब्यात चीजच असेल असं तुम्हाला वाटलं तरी कसं?"

मी हुकमाचा एक्का काढला. "नंबर कोणी पुसला ते सांग."

"भांडी कोण घासतं?"

भांडी मी घासतो, तारेच्या घासणीने.

बायकोने चक्क्याचा डबा फ्रीजमध्ये ठेवला. लेक डोळे पुसत हसायला लागली. जीव भांड्यात पडला तशी तिला भूक लागली. तिने पाव घेतला, फ्रीज उघडला, डबा काढला आणि त्यात सुरी बुडवली.

"थांब," म्हणत बायकोने तिचा हात धरला आणि डबा उंच करून तळ पाहिला. तिथे नंबर ठळक होता, बातम्यांतलाच.

"हा कोणी आणला?"

मी हळूच हात वर केला. घरात एकच घातक डबा आला होता आणि तो आणणारा मी होतो. बायकोने सुरी उकळत्या पाण्यात टाकली, फ्रीज माझ्याकडून साबणाने धुऊन घेतला आणि मला डब्यासकट दुकानात पिटाळलं.

"बरं झालं आलात, काका," दुकानदार खोकी उलटीपालटी करत म्हणाला. "एक डबा कमी भरतोय. चोर शोधून द्याल का?"

मी केस स्वीकारली. ही सुटेल अशी मला खात्री आहे.