थर्मासच्या चहातून कॅफिन काढिले त्याची हकीकत

श्रीकानबाई प्रसन्न. तापीतीरी सुरत शहरी, डिंडोली मुक्कामी, कापडाच्या लूमच्या कारखान्यात राबणारे खानदेशचे मगनराव व त्यांचे कुटुंब मातुश्री उषाबाई, यांची कन्या चिरंजीव नूतनबाई हिणे श्रावणमासी फार्मसी कॉलेजाच्या प्रयोगशाळेत जी लढाई मारिली, तिचे वर्तमान ऐसे. कोणी म्हणतील, चहा तो काय आणि त्याची बखर ती काय. त्यांणी उगे बसावे आणि ऐकावे.

प्रयोगशाळेचे सुभेदार योगेंद्र सर, करडे परंतु चहाचे शौकीन. त्यांणी शुक्रवारी मोबाइलवर फर्मान धाडिले की उद्या कॅफिन काढणे आहे, सबब प्रत्येकाने घरून चा आणावा. आता सुरतेत पत्तीसही चा म्हणतात आणि कपातल्यासही चाच म्हणतात. नूतनबाईने घरी मोघम सांगितले, आणि मातुश्रींनी ऐकिले ते ऐसे की सरांस चहा हवा. मग काय विचारता. पहाटेस उठून मातुश्रींनी म्हशीचे दूध, भरपूर साखर आणि ठेचलेले आले घालून चहा उकळविला आणि थर्मासात भरून कन्येच्या पिशवीत तळाशी ठेविला. कन्येने पिशवी न उघडता बस धरिली.

शनिवारी सर्वांनी आपापल्या पुड्या मेजावर मांडिल्या आणि नूतनबाईने थर्मास मांडिला. झाकण निघताच आल्याचा दर्वळ साऱ्या प्रयोगशाळेत फिरला आणि हशा पिकला. सरांनीही मिशीतल्या मिशीत हसून हुकूम केला, "जो लाई है, उसीमें से निकाल. नहीं तो मंडे को रिपीट."

हा वार जिव्हारी लागला. कारण रविवारी घरी खानदेशची देवी कानबाई बसणार, सोमवारी तिचे विसर्जन, शेजारच्या गोडादऱ्याचे सारे भाऊबंद जमणार, आणि औंदा कानबाई डोईवर घेण्याचा मान प्रथमच नूतनबाईस मिळालेला. तिजला रडू कोसळावे ऐसे जाहले. आईचा राग आला, आणि आईने पहाटे उठून केले हे स्मरून त्या रागाचीच लाज वाटली. मग तिणे ओढणी खोचिली आणि मसलत आरंभिली. नीरक्षीरविवेक हंसास ठावका, ऐसे थोर लोक सांगतात. परंतु हंसास कोणी आले घातलेला चहा दिला नव्हता.

प्रथम दुधाचा बंदोबस्त. चहात आम्लाचे थेंब सोडिले आणि दूध नासविले. घरी दूध नासले तर दिवस नासतो, येथे तीच पहिली सरशी. चोथा फडक्यावर राहिला आणि बहुतेक साय-चरबी आपल्यासंगे घेऊन बसला. मग गाळलेल्या पाण्यात धुण्याचा सोडा घालून चहाचा तुरटपणा पाण्यातच जखडून टाकिला, आणि ते पाणी तळाशी तोटी व वर बूच ऐशा काचेच्या नरसाळ्यात भरून वर क्लोरोफॉर्म ओतिला. कॅफिनाची जातच ऐसी की पाण्याची चाकरी सोडून क्लोरोफॉर्माच्या छावणीत जावे, आणि क्लोरोफॉर्म जड, म्हणोन ती छावणी तळाशी. नरसाळे हलक्या हाताने उलटसुलट करावे ऐसा शास्त्राचा दंडक. परंतु नूतनबाईस सोमवार दिसत होता. तिणे ताक घुसळावे तैसे घुसळिले, आणि दोन्ही फौजा एकमेकींत शिरून पांढरा फेस माजला. वरचे कोण आणि खालचे कोण, काही उमगेना. पेरिले ते उगवले.

बाका प्रसंग. सर घड्याळ पाहू लागले. तेव्हा तिणे श्वास रोखून चमचाभर मीठ आत टाकिले आणि हात आवरून स्वस्थ बसली, हेच तिजला सर्वांत जड गेले. मीठ विरताच पाणी क्लोरोफॉर्मास आत थारा देईना. फेस हळूहळू विरला आणि दोन थर निराळे जाहले. साखर बिचारी पाण्यातच राहिली. खालचा थर काढून क्लोरोफॉर्म उडविला, तो बशीत पिवळट चिकटा उरला, आणि त्यास आल्याचा वास.

शेवटला हल्ला वाफेचा. कॅफिन मंद आचेवर न वितळताच वाफ होऊन वर चढते, चरबीस ते साधत नाही. बशीवर दुसरी बशी पालथी घातली, तीवर बर्फ ठेविला, खाली मंद आच लाविली. आणि वरच्या काचेस पांढऱ्या बारीक सुया लागल्या. सरांनी भिंगातून पाहिले, बंद नळीत कडक आच देऊन वितळण्याचे तापमान मोजविले, ते बरोबर आले. मग ते थर्मास घेऊन ओसरीवर गेले, उरला चहा सावकाश प्याले, आणि परत येऊन फर्माविले की रिपीट माफ.

सांजेस मातुश्रींनी कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांची कणीक मळता मळता पुसिले, "चहा कसा व्हयना? सरले आवडना का?"

नूतनबाई बोलली, "आवडना." खानदेशी बोलीत आवडना म्हणजे आवडला. "पन मी त्यामातलं दूध, साखर, अद्रक समदं येगयं काढी टाकं."

मातुश्रींचा हात कणकेत थांबला. "मंग पेवाले काय उरनं?"

मग प्यायला काय उरले, यास शास्त्रात उत्तर नाही. सबब नोंद करण्यात येते की कॅफिन चिमूटभर हाती आले. सोमवारी कानबाई नूतनबाईच्याच डोईवरून वाजतगाजत निघाली. लढाई फत्ते जाहली. आणि मातुश्रींचा सवाल तेवढा अजिंक्य राहिला.