अकरावा रकाना

शाईचा तो ठिपका साधारण दोन मिलिमीटरचा होता. पुरता गोल नव्हता. उजवीकडे किंचित पसरलेला. बॉलपेनने असा ठिपका पडत नाही. शाईचे पेन कागदावर टेकवून माणूस चार-पाच सेकंद थांबला आणि काहीच न लिहिता त्याने पेन उचलले, तरच असा पडतो. बाकी सगळा फॉर्म वळणदार अक्षरात भरलेला. जन्मतारीख, लायसनचा नंबर, रक्तगट, सगळे जागच्या जागी. फक्त अकराव्या रकान्यात अक्षर नाही, ठिपका!

शुभांगीने भिंग खाली ठेवले आणि वरचे नाव वाचले. निंबा पुंजाराम सोनवणे, मूळ गाव नामपूर.

तिने भिंग पुन्हा उचलले. उगाचच! नाव काही भिंगातून बदलत नाही.

शुभांगी फिजिक्सची एम.एस्सी. सातपूरच्या एका कारखान्यात बाहेरून बनून येणारे सुटे भाग मोजायचे, बसले तर घ्यायचे, नाहीतर परत पाठवायचे, हे तिचे काम. सर्वांत जास्त परत पाठवलेला माल होता वाल्मीकअण्णांचा. अण्णांचे सातपूरला छोटे वर्कशॉप, आणि जीव मोटारसायकलींत. त्यांच्या मंडळाने गेल्या वर्षी हौशी लोकांसाठी रस्त्यावरची शर्यत घेतली होती. पहिला आलेला गडी पुण्याकडच्या शर्यतींत बक्षिसे मिळवलेला निघाला, दुसरा आलेल्याने त्याला "हा कसला हौशी!" म्हणून धरला, आणि करंडक शेवटी गटारातून काढावा लागला.

म्हणून यंदा अण्णा तिच्याकडे आले. "मॅडम, तुम्ही माझा माल केसभर फरकाने परत करता. तशीच ही माणसं तपासा! नियम तुम्ही लिहा, पात्र-अपात्र तुम्ही ठरवा."

शुभांगीने तीन आठवडे खपून तेवीस नियम लिहिले. मंडळाच्या बैठकीत ती सहसा बोलत नसे, पण त्या दिवशी बोलली. "अण्णा, या नियमांतून मुंगीसुद्धा आडवी जाणार नाही."

"मुंगी कशाला, मॅडम? आपल्याला मोटारसायकली पाठवायच्यात!"

सगळे हसले. तीही हसली. शेवटचे हसणे तेच!

एकतीस अर्ज आले. नियम चौथा असा होता: हौशी म्हणजे ज्याने दुचाकी चालवण्याबद्दल आजवर कोणतेही बक्षीस घेतलेले नाही. त्यासाठी फॉर्मात 'पूर्वी मिळालेली बक्षिसे' असा रकाना ठेवला होता. आता आपल्या माणसाला असा रकाना दिसला की तो तो रिकामा ठेवील काय? बारा जणांनी अभिमानाने लिहिले होते: स्लो सायकल, तिसरा क्रमांक, इयत्ता सहावी, कंपासपेटी. स्लो सायकल, पहिला, गणेशोत्सव, स्टीलचा डबा. एकाने तर प्रमाणपत्राची झेरॉक्स जोडली होती, हेडमास्तरांच्या शिक्क्यासह!

"सायकल दुचाकीच असते," शुभांगी म्हणाली.

"मॅडम, अहो, ती शर्यत हळू जाण्याची होती!" कंपासपेटीवाला रडकुंडीला आला. "आणि पेटी आईने लगेच धाकट्याला दिली!"

"पण घेतली होती ना?"

बारा गेले. राहिले एकोणीस.

नियम सातवा: कारखान्यातून निघताना गाडीवर जे नव्हते, ते गाडीवर असू नये. मुलांनी भराभर जादाचे भोंगे काढले, आरशांवरची पिसे काढली, स्टिकर खरवडले. पण हँडलखालच्या लिंबू-मिरचीला शुभांगीने बोट लावले मात्र, सात जण एकदम मागे सरले, जणू तिने त्यांचे मंगळसूत्रच मागितले!

"लिंबू काढून शर्यत? जीव गेला तर कोण जबाबदार?"

"लिंबू कंपनीचं नाही."

"मग कंपनीने लावायला पाहिजे होतं!"

सात गेले. राहिले बारा. अण्णांनी डोक्यावरची टोपी काढली आणि तिनेच वारा घ्यायला लागले.

आणि नियम अकरावा. घरच्यांची संमती. अविवाहित असल्यास आई-वडिलांची सही, विवाहित असल्यास पत्नीची. सहा घरांत या कागदाने जो काही गोंधळ घातला, तो न सांगितलेला बरा. पाच बायकांनी कागद चुलीत घातला. सहावीने संमती लिहून दिली: 'खुशाल जाऊ दे, परत आला नाही तरी चालेल.'

"ही तर झाली ना संमती?" अण्णांनी आशेने विचारले.

"सशर्त वाटते. ग्राह्य नाही."

सहा राहिले. नियम तिसरा सांगत होता की सहाच्या खाली स्पर्धक असतील तर शर्यत होणार नाही. त्या सहांतल्या पाच जणांचे सगळे कागद चोख होते. सहावा ठिपकेवाला.

अकराव्या रकान्यात तीन पर्याय होते. 'विवाहित' आणि 'अविवाहित' हे दोन कोणालाही सुचले असते. तिसरा शुभांगीने स्वतः घातला होता, कारण शक्य असलेली एकही अवस्था सोडायची नाही हे तिला पहिल्या वर्षापासून शिकवलेले. 'लग्न ठरलेले असल्यास नियोजित वधूची सही.' चौथी एक अवस्था असते आणि त्या अवस्थेत आपण स्वतःच आहोत, हे मात्र तिच्या ध्यानात आले नव्हते.

गेल्या जुलैत निंबा आणि त्याच्या घरची माणसे मखमलाबादला शुभांगीच्या घरच्या गुलाबाच्या मळ्यात तिला बघायला आली होती. निंबा सातपूरलाच दुसऱ्या कारखान्यात टूलरूमला होता. त्याने स्वयंपाक येतो का, असे विचारले नाही. अंगणात तिने ठेवलेले पर्जन्यमापक बघितले आणि विचारले, "काल किती मिलिमीटर झाला?" तिने सांगितले, बावीस. तो म्हणाला, "आमच्याकडे चौदा." बस्स! एवढेच बोलणे. पाहुणे निघताना तिच्या आईने, सरुबाईंनी, रीतीप्रमाणे सांगितले, "कळवतो."

त्याला आता आठ महिने झाले होते.

"अगं, हो म्हण, नाही म्हण, काहीतरी म्हण!" सरुबाई रोज टोपलीत गुलाब भरता भरता म्हणत. "त्यांचा पाऊस संपला, कांदा लावून झाला, आता काढायलासुद्धा आला!"

"एकदाच मोजून, एका वाचनावरून निष्कर्ष काढायचा नसतो, आई."

"मग किती वेळा बघणारेस त्याला? शिनेमा आहे का तो?"

यातले एक अक्षर वाल्मीकअण्णांना ठाऊक नव्हते. शुभांगीने सांगितले नाही. सांगायला आधी ठरवावे लागले असते! तिने फॉर्मवर फक्त लिहिले, 'रकाना ११ अपूर्ण.' अण्णांनी निंबाला गाठले. तो म्हणाला, "त्या रकान्याचं माझ्या हातात नाही." अण्णांना वाटले, बिचाऱ्याचे आई-वडील कांदा काढण्यात गुंतलेत, सहीला येऊ शकत नाहीत. नामपूरला फोन लागेना. मग त्यांनी, माणूस मोठा कर्तबगार, शुक्रवारी सकाळी सरळ तार ठोकली. तारेत शब्द तोलूनमापून घालायचे असतात, म्हणून चारच घातले: 'निंबासाठी तातडीने सातपूरला या.'

शर्यत शनिवारी होती. सातपूरच्या कारखान्यांना सुट्टी शनिवारची, त्यामुळे रस्ते मोकळे. सकाळी नऊलाच दोन हजार माणूस जमला होता. पोलिसांनी रस्ता अकरापर्यंतच दिला होता, त्याची आठवण फौजदार दर पाच मिनिटांनी मनगट वर करून देत होते. तेवढ्यात नाक्यावरून एक टेम्पो आत आला, आणि त्या टेम्पोतून जो काही हंबरडा उठला, त्याने लाउडस्पीकरवरचे गाणे आपोआप बंद पडल्यासारखे झाले.

"मना निंबा वं! माय वं! मना सोन्यासारखा पोऱ्या!"

नामपूरच्या गल्लीत तार आली होती. ती कोणी वाचलीच नव्हती. तार कधी वाचायची असते काय? पोस्टमन सायकलवरून उतरला, 'तार' म्हणाला, आणि चुली विझल्या. बावीस माणसे रातोरात टेम्पोत बसली होती. निंबाची आई चांगुणाबाई पुढे, वडील पुंजाराम तिला धरून, आणि मागे एका म्हाताऱ्याच्या काखेत नवे कोरे पांढरे कापडसुद्धा!

निंबा त्या वेळी गाडीशेजारी उभा राहून वडापाव खात होता.

चांगुणाबाईंनी त्याला पाहिले. त्याने आईला पाहिले. वडा घशात अडकला. मग चांगुणाबाई टेम्पोतून उतरल्या, चालत गेल्या, त्याच्या गालांवरून दोन्ही हात फिरवले, आणि त्यातल्याच एका हाताने अशी एक ठेवून दिली की आवाज पार पलीकडच्या गेटवर ऐकू गेला!

"जित्ता शे आणि वडा खाई ऱ्हायना! मेल्या!"

"आई, मी काय केलं?"

"मावशी, मावशी!" अण्णा धावले. त्यांचा चेहरा आता त्या कापडापेक्षा पांढरा झाला होता. "काही झालेलं नाही हो. नुसती एक सही पाहिजे!"

"सही?" पुंजाराम म्हणाले. त्यांनी हा शब्द तीन वेळा म्हटला, प्रत्येक वेळी थोडा मोठ्याने. "सहीसाठी माणूस मारतस का तुम्ही?"

पाणी पाजले, सावलीत बसवले, टेम्पोतल्या सगळ्यांना वडापाव दिले. पांढरे कापड कोणीतरी घाईने सीटखाली सारले. साडेदहा वाजले. पाच गाड्या रेषेवर धूर सोडत उभ्या. लोक शिट्ट्या मारत होते. अण्णांनी फॉर्म पुढे केला. "काका, इथे 'अविवाहित' लिहितो, खाली तुम्ही दोघं सही करा. झालं!"

पुंजारामांनी पेन घेतले, आणि परत ठेवले.

"नही."

"का हो?"

"तिकडे मखमलाबादले पोरगी बघेल शे. आठ महिना व्हई ग्यात, त्यांचा निरोप नाही. आता मी लिहून दिलं का पोरगा मोकळा शे, आणि उद्या त्यांनी हाच कागद दाखवला तर? आमच्याकडून मोडलं असं व्हयी ना!"

"मग 'ठरलंय' लिहू?"

"आणि त्यांनी नाही म्हटलं तर? गावात तोंड कसं दाखवू?"

अण्णांनी दोन्ही हात आकाशाकडे केले. "कोण हो ती बया? आठ महिने! एवढ्यात माणूस—"

"हीच ती!" चांगुणाबाई म्हणाल्या.

त्यांचे बोट शुभांगीवर होते. ती त्या दिवशी पांढऱ्या डगल्यात, डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी. पण लग्नाच्या पोराची आई असली टोपीला फसते होय? अण्णा वळले. फौजदार वळले. टेम्पोतली बावीस माणसे वडापावासकट वळली. एकतीसपैकी पंचवीस अर्ज ज्या शांतपणाने तिने बाद केले होते, तो शांतपणा शोधायला शुभांगी आपल्या आत गेली, तर तिथे काहीच सापडेना. कान तेवढे तापलेले.

"निंबा," अण्णा काकुळतीला आले, "तू तरी लिही बाबा! हे दोन हजार लोक मला सोडायचे नाहीत. 'अविवाहित' म्हणजे तसं खोटं थोडंच आहे? एक शब्द!"

निंबाचा गाल अजून लाल होता. त्याने मान हलवली.

"मला जे माहीत नाही, ते मी लिहिणार नाही, अण्णा. ठरलंय म्हटलं तर खोटं. नाही ठरलं म्हटलं तरी कदाचित खोटंच. शर्यत राहू दे. उत्तर यायचंय, एवढंच खरं आहे, आणि तेवढं लिहायला फॉर्मात जागा नाही."

तो तिच्याकडे बघतही नव्हता. गाडीच्या टाकीकडे बघून बोलत होता, पर्जन्यमापकाकडे बघून बोलला होता तसाच. न घेतलेले वाचन वहीत न मांडणारा माणूस शुभांगीने कॉलेजात पाहिला नव्हता, कारखान्यातही नाही. दोन वाचने झाली, आणि दोन्ही जुळत होती.

"दहा चाळीस!" फौजदारांनी मनगट वर केले.

शुभांगी सहाव्या गाडीपाशी गेली. खिशातून खोलीमापक काढले, खाली बसली, मागच्या टायरची नक्षी तीन जागी मोजली. ती निदान दीड मिलिमीटर खोल हवी असा नियम होता. एक पूर्णांक सहा, एक पूर्णांक सहा, एक पूर्णांक सहा. ती तिथेच थोडी जास्त वेळ बसली. मग उठून गुडघे झटकले आणि लाउडस्पीकरकडे चालू लागली, कारण पात्र-अपात्र तपासनिसाने स्वतः जाहीर सांगावे, हा नियम एकोणिसावा, तोही तिचाच.

माइकसमोर उभी राहून तिने एकदा घसा साफ केला. तो आवाज सातपूरभर गेला.

"क्रमांक सहा, निंबा पुंजाराम सोनवणे," ती म्हणाली. "गाडी नियमात बसते. तपासनीस म्हणून माझी हरकत नाही. रकाना अकरा. लग्न ठरलेलं आहे."

चांगुणाबाईंनी तोंडाला पदर लावला. पुंजारामांचा आ वासलेला. निंबाच्या हातातले हेल्मेट रस्त्यावर पडून गरगर फिरले. वाल्मीकअण्णांनी टोपी हवेत उडवली आणि रेषेवरच्या पाच जणांना हात केला, की सोडा गाड्या!

"एक मिनिट, अण्णा," शुभांगी म्हणाली. "नियोजित वधूची संमती नाही."